कलप फार काळा झाला आहे. आता त्यावर दुसरा रंग चढवू नका

वाचकाचे पत्र

मी ४८ वर्षांची आहे. पांढरे केस झाकण्यासाठी गेली सहा वर्षे मी घरीच ४ क्रमांकाचा तपकिरी कलप लावते. या वेळी तो मिळाला नाही, म्हणून ३ क्रमांकाचा गडद तपकिरी आणला आणि मुळांपासून टोकांपर्यंत सगळ्या केसांना लावला. कानशिलांवरचे पांढरे केस नीट रंगत नाहीत, त्यामुळे ३० मिनिटांऐवजी जवळजवळ ५० मिनिटे ठेवला. आता मुळांजवळचा रंग बरा दिसतो, पण खांद्यावर येणारे केस शाईसारखे काळे झाले आहेत आणि चेहरा अगदी ओढलेला वाटतो. कपाळाच्या कडेला डाग राहिले आहेत. पहिल्या दिवशी कानांमागे थोडी खाज आली होती, ती थांबली. याला तीन दिवस झाले. केस धुवावेत की नाही हेच कळत नसल्याने पुन्हा धुतलेले नाहीत. नऊ वर्षांच्या खंडानंतर १५ दिवसांनी मी नोकरीवर रुजू होणार आहे आणि लोकांसमोर अशी जायची कल्पनाच सहन होत नाही. ५ क्रमांकाचा फिकट तपकिरी डबा आणून ठेवला आहे. तो आज रात्री लावला तर काळेपणा कमी होईल का? की लिंबू आणि खाण्याचा सोडा वापरून पाहू?

उत्तर

तो डबा आज रात्री उघडू नका. इतर सगळे सांगण्याआधी हे सांगते, कारण तुमच्या केसांचे आतापर्यंत फारसे नुकसान झालेले नाही आणि जे होऊ शकते ते बहुधा या दुसऱ्या डब्यानेच होईल. रंग गडद झाला आहे, पण केस शाबूत आहेत, हातात १५ दिवस आहेत आणि कलप लावून तीनच दिवस झाले आहेत, म्हणजे रंग उतरवण्याच्या दृष्टीने तुम्ही अगदी योग्य वेळी लिहिले आहे. नऊ वर्षांनी कामावर परतताना आरशात आपलीच ओळख पटू नये, याचा त्रास किती खोलवर होतो हे मी समजू शकते, आणि म्हणूनच घाईने काही करू नका असे कळकळीने सांगते आहे.

रंगाकडे वळण्यापूर्वी त्या खाजेबद्दल बोलायला हवे. काळ्या आणि गडद तपकिरी कलपांमध्ये बहुधा पॅरा-फिनिलिनडायअमिन किंवा त्याच्या जवळचे एखादे रसायन असते आणि काही जणांना त्याची अॅलर्जी असते किंवा अनेक वर्षे बिनतक्रार वापरल्यानंतर ती उद्भवते. तुमची खाज थोडीच होती आणि थांबली, त्यामुळे कलप २० मिनिटे जास्त राहिल्याने त्वचा चुरचुरली असण्याचीही शक्यता आहे, परंतु घरबसल्या त्यातला फरक ओळखता येत नाही. अॅलर्जीची प्रतिक्रिया कधी काही तासांनी तर कधी दोन-तीन दिवसांनीही दिसते. कानांमागे, मानेवर किंवा केसांच्या कडेने पुरळ उठले, पाणी सुटले, पापण्या सुजल्या, तर पुढचे सगळे बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि चेहरा सुजून श्वासाला त्रास होऊ लागला तर तत्काळ रुग्णालय गाठा. तसे काही झाले नाही तरी यापुढे कोणताही कलप लावण्याआधी वेष्टनावर सांगितल्याप्रमाणे त्वचेवर थेंबभर लावून ४८ तास वाट पाहण्याची चाचणी चुकवू नका. सहा वर्षांची सवय ही त्या चाचणीची सूट नव्हे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. फिकट कलप गडद कलपाला उजळ का करत नाही, हे समजून घेतले तर पुढचे सगळे आपोआप उलगडते. पक्क्या कलपात अमोनिया किंवा तत्सम अल्कधर्मी पदार्थ असतो, जो केसावरचे खवले फुलवून आत जायला वाट करून देतो. मग अगदी लहान आणि जवळजवळ रंगहीन असे रेणू केसाच्या गाभ्यात शिरतात, तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने त्यांचे ऑक्सिडीकरण होते, ते एकमेकांना जोडले जाऊन मोठे रंगीत रेणू बनतात आणि आकाराने वाढल्यामुळे आतच अडकून राहतात. हेच पेरॉक्साइड तुमच्या नैसर्गिक रंगद्रव्याला थोडे उजळवते, पण आत बसलेल्या कलपाच्या रंगावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून ५ क्रमांकाचा डबा लावला तर खांद्यावरचे काळे केस काळेच राहतील, त्यांच्यात आणखी थोडा रंग भरेल आणि ज्या मुळांजवळ अजून फारसे थर चढलेले नाहीत तेवढाच भाग उजळेल.

अशी एक बाई मी फार जवळून पाहिली आहे. काळा झालेला कलप सौम्य करावा म्हणून तिने दुसऱ्याच दिवशी फिकट तपकिरी लावला आणि सकाळी भांग पाडला तेव्हा भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचा तांबूस-नारिंगी पट्टा उमटला होता आणि त्याच्याखाली केस पूर्वीइतकेच काळे होते. डोक्याच्या त्वचेच्या उबेमुळे मुळांजवळ रसायनांचे काम अधिक वेगाने होते, त्यामुळे हा फरक आणखी ठळक होतो. आधी तिला एकच अडचण होती, त्या रात्रीनंतर दोन झाल्या. त्या दोन्ही एकाच उपायाने सुटणाऱ्या नव्हत्या.

तुमच्या पत्रातच काळेपणाचे कारण दडलेले आहे. ३ आणि ४ या क्रमांकांत एकाच पायरीचा फरक आहे, तेवढ्याने केस शाईसारखे होत नाहीत. मुळांजवळ जो नवा केस उगवला आहे त्याला एकदाच रंग लागला आणि तो तुम्हाला बराही वाटतो. खांद्यावरचा केस मात्र महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर या गतीने वाढत तिथवर पोहोचला आहे, म्हणजे तो दोन-अडीच वर्षांचा आहे. प्रत्येक वेळी कलप टोकांपर्यंत ओढला गेला असेल, तर त्याने कितीतरी थर अंगावर घेतले आहेत. शिवाय जुना केस सच्छिद्र होतो, त्याचे खवले झिजलेले असतात आणि तो रंग अधिक शोषतो. त्यावर या वेळी गडद छटा आली आणि तीही ५० मिनिटे राहिली. त्यामुळे मुळांपासून टोकांपर्यंत सगळ्या केसांचा रंग उतरवण्याची गरज नाही, मधल्या आणि खालच्या भागात साचलेला रंग कमी करायचा आहे, आणि हे लक्षात ठेवले तर बरीच रसायने वाचतील.

सुरुवात आज रात्रीच करता येईल, आणि ती साध्या धुण्याने. केस धुण्याची तुमची भीती उलट दिशेची आहे. नवा रंग पहिल्या काही धुण्यांतच सर्वांत सहज सुटतो, म्हणूनच रंग टिकवू इच्छिणाऱ्यांना सुरुवातीला कमी धुण्याचा सल्ला देतात. तुम्हाला रंग टिकवायचा नाही, तेव्हा तुम्ही धुवा. रंगवलेल्या केसांसाठी असलेला सौम्य शाम्पू सध्या कपाटात ठेवा आणि ज्याच्या बाटलीवर क्लॅरिफाइंग असे लिहिलेले असते, तो साचलेले थर काढणारा शाम्पू आणा. धुण्याआधी तासभर केसांच्या लांबीला खोबरेल तेल लावून ठेवले तर वारंवार धुण्याने होणारी प्रथिनांची झीज कमी होते. मग कोमट पाण्याने केस पूर्ण भिजवून शाम्पूचा फेस मुळांवर फार न घोळवता काळ्या भागात करा, तो तीन-चार मिनिटे तसाच राहू द्या, धुवा आणि पुन्हा एकदा करा. पहिल्या वेळी फेस कोऱ्या चहासारखा तपकिरी निघेल. तो तसा निघतो आहे तोवर रंग सुटतो आहे असे समजा आणि फेस पांढरा राहू लागला की शाम्पूचे काम संपले असे मानून थांबा. कंडिशनर प्रत्येक वेळी भरपूर लावा. एक दिवसाआड असे चार-पाच वेळा केलेत तरी पुरे. डोक्याची त्वचा चुरचुरू लागली तर मधले अंतर वाढवा. कोंड्यावरच्या शाम्पूनेही रंग उतरतो, विशेषतः सेलेनियम सल्फाइड असलेल्या, पण त्याने रंगवलेल्या केसांची छटा अनपेक्षितपणे बदलू शकते, म्हणून तो मी तुम्हाला सुचवत नाही.

रंगाचा अंदाज घेताना केस पूर्ण वाळलेले असावेत आणि तुम्ही खिडकीजवळच्या उजेडात उभ्या असाव्यात, कारण ओला केस नेहमीच अधिक गडद दिसतो आणि न्हाणीघरातला दिवा काळ्याला आणखी काळे करतो. रोज चारदा आरसा पाहण्यापेक्षा पहिल्या दिवशी खिडकीशी एक छायाचित्र काढा आणि चौथ्या धुण्यानंतर त्याच वेळी, त्याच जागी दुसरे काढा. फरक किती पडला हे तेव्हाच खरे कळेल. मला वाटते, या धुण्यांनी एखाद्या पायरीचा, फार तर त्याहून किंचित जास्त फरक पडेल. काळ्याचा गर्द तपकिरी होईल, तुमचा जुना ४ क्रमांक परत येणार नाही.

लिंबू आणि सोड्याच्या वाटेला जाऊ नका. लिंबाच्या आम्लाने कलपाचे रेणू मोडत नाहीत, केस मात्र कोरडे होतात, आणि लिंबू लावून उन्हात बसल्यास त्वचेवर डाग आणि फोडही येऊ शकतात. खाण्याचा सोडा अल्कधर्मी आहे. तो खवले फुलवतो म्हणून थोडा रंग निघतोही, पण त्याच्या खरखरीत कणांनी आधीच सच्छिद्र असलेली टोके आणखी झिजतील. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटून शाम्पूत मिसळण्याचा उपाय त्या मानाने बरा, त्यामागे रसायनशास्त्रही आहे, तरी पक्क्या कलपावर त्याचा परिणाम मर्यादित असतो आणि चुरचुरलेल्या त्वचेला ते मिश्रण झोंबते, म्हणून कानांमागे खाज आली होती हे लक्षात घेता तुम्ही तेही टाळावे. भांडी घासण्याचा साबण नको. कपड्यांचे किंवा फरशीचे ब्लीच तर केसांच्या जवळपासही आणू नका, ते केस विरघळवते आणि त्वचा भाजते. कपाळाच्या डागांसाठी एवढे काही लागत नाही. कापसाच्या बोळ्यावर तेल किंवा पेट्रोलियम जेली घेऊन हलक्या हाताने चोळा, दोन-तीन दिवसांत त्वचेचा वरचा थर झडेल आणि डाग जातील.

चार-पाच धुण्यांनंतरही केस मनाला पटले नाहीत, तर पुढची पायरी म्हणजे कलप उतरवणारे तयार द्रावण, ज्याला कलर रिमूव्हर म्हणतात. यात दोन प्रकार मिळतात आणि घेताना वेष्टन नीट वाचावे लागते. एका प्रकारात ब्लीचची पूड असते. तो घेऊ नका. दुसरा प्रकार गंधकयुक्त क्षपणकारकांवर चालतो. कलप लावताना जे ऑक्सिडीकरण झाले होते ते तो उलटवतो, त्यामुळे मोठे रेणू मोडून पुन्हा लहान होतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि तो दोन-चार धुणी रेंगाळतो, तेवढी तयारी ठेवा. तुमचे थर पक्क्या कलपाचेच असल्याने हे द्रावण तुमच्या केसांवर चालण्याची शक्यता चांगली आहे. मेंदीवर किंवा केसाला थेट चिकटणाऱ्या अर्धपक्क्या रंगांवर ते सहसा चालत नाही.

हे द्रावण आधी एका बटेवर करून पाहा, थेट डोक्यावर घेऊ नका. कानामागच्या केसांतून पेन्सिलीच्या जाडीची एक बट वेगळी काढा, तिला मुळाशी पांढरा दोरा बांधा आणि रिमूव्हरच्या दोन्ही बाटल्यांतले थोडे थोडे द्रावण सांगितलेल्या प्रमाणात वाटीत घेऊन तेवढ्याच बटेला लावा. उरलेले वेगवेगळे ठेवा, कारण एकदा मिसळलेले द्रावण टिकत नाही. सांगितलेली वेळ भरली की ती बट वाहत्या कोमट पाण्याखाली धरा आणि धुत राहा. लोक इथेच चुकतात. मोडलेले रेणू पूर्ण वाहून गेले नाहीत, तर हवेच्या संपर्कात ते पुन्हा जोडले जातात, आणि संध्याकाळी सुंदर तपकिरी दिसलेले केस दुसऱ्या दिवशी पुन्हा काळे होतात. द्रावण खोटे निघाले असे त्यांना वाटते, प्रत्यक्षात धुणे अपुरे पडलेले असते. वेष्टनावर दहा मिनिटे धुवा असे लिहिले असेल तर घड्याळ लावून दहा मिनिटे धुवा, हात भरून आले तरी. बट वाळवा, एक दिवस जाऊ द्या आणि खिडकीशी नेऊन पाहा.

त्या बटेत दोन गोष्टी दिसतील आणि दोन्हींची आधीच कल्पना असलेली बरी. केस तांबूस किंवा नारिंगी छटेचा निघेल, कारण सहा वर्षांच्या कलपांमधल्या पेरॉक्साइडने तुमचे नैसर्गिक रंगद्रव्य प्रत्येक वेळी थोडे उजळवले होते आणि ते आजवर रंगाखाली झाकलेले होते. जे केस मुळात पांढरे आहेत तेही पुन्हा पांढरे किंवा पिवळसर दिसतील. म्हणून तुम्ही द्रावण फक्त मधल्या आणि खालच्या काळ्या भागाला लावावे, मुळे आणि कानशिले सोडून द्यावीत, असे माझे मत आहे. तिथला रंग तुम्हाला बरा वाटतो आहे, तो तसाच राहू द्या. खालचा भाग थोडा तांबूस राहिला तर चेहऱ्याभोवती तो काळ्यापेक्षा कितीतरी सौम्य दिसतो. अनेकींना तो इतका आवडतो की त्या पुढे काही करतच नाहीत.

ब्लीच मात्र घरी करू नका. केशकलाकार ब्लीचच्या पुडीत शाम्पू मिसळून सौम्य मिश्रण करतात आणि काही मिनिटांत रंग खाली आणतात, पण ते काम डोळ्यांत तेल घालून करावे लागते आणि स्वतःच्या डोक्याची मागची बाजू स्वतःला दिसत नाही. धुणे आणि रिमूव्हर या दोन्हींनी भागले नाही, किंवा रिमूव्हरचा विचारच नकोसा वाटला, तर रुजू होण्याच्या किमान पाच दिवस आधी चांगल्या केशकलाकाराकडे जा. त्यांना सहा वर्षांचा सगळा इतिहास सांगा. मधल्या काळात कधी मेंदी किंवा काळी मेंदी म्हणून विकली जाणारी पूड लावली असेल तर ती आवर्जून सांगा, कारण अशा काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात, पेरॉक्साइडशी गाठ पडताच ते तापतात आणि केस तुटतात. त्यांनीही आधी एका बटेवर करून पाहावे असा आग्रह धरा. सगळे डोके उजळवून मागण्याऐवजी चेहऱ्याभोवती आणि भांगाजवळ बारीक, जेमतेम दिसतील अशा तपकिरी बटा काढून मागा. काळेपणा एकसंध असतो म्हणूनच तो टोपासारखा दिसतो. चारदोन बटांनी ती एकसंधता मोडली की चेहऱ्याला लगेच उजेड मिळतो आणि केसांना रसायनही कमी लागते.

वाट पाहण्याच्या या दिवसांत एक छोटी गोष्ट आजच करता येईल. सरळ मधोमध भांग पाडत असाल तर तो बाजूला घ्या आणि केस चेहऱ्यावरून मागे, सैल बांधा. काळी चौकट गालांपासून दूर गेली की चेहरा तितका ओढलेला वाटत नाही. भुवया मात्र केसांशी जुळवण्यासाठी काळ्या करू नका, त्या आहेत तशाच असू द्या.

पुढचा कलप लावाल तेव्हा, म्हणजे त्वचेची चाचणी बिनतक्रार पार पडली तरच, तो फक्त नव्या उगवलेल्या मुळांना लावा. रंग पटकन न घेणाऱ्या कानशिलांवर पहिल्यांदा लावून बाकीचे डोके नंतर घ्या, म्हणजे त्या हट्टी केसांना जास्त मिनिटे मिळतील आणि एकूण वेळ वेष्टनावरच्या ३० मिनिटांपलीकडे जाणार नाही. टोकांचा रंग विटल्यासारखा वाटला तर शेवटची पाच मिनिटे कलप खाली ओढा, त्याहून जास्त नको, आणि तेही दर वेळी नको. दोन छटांमध्ये मन अडकले तर फिकट छटा घ्या, कारण फिकटाचे गडद करायला एक संध्याकाळ पुरते आणि उलट्या प्रवासाला किती सायास लागतात ते तुम्ही आता अनुभवत आहात.

तो ५ क्रमांकाचा डबा फेकू नका. रिमूव्हर वापरल्यावर खालचे केस तुम्हाला फारच तांबूस वाटले, तर रिमूव्हरच्या वेष्टनावर सांगितलेले दिवस जाऊ देऊन आणि पुन्हा एका बटेवर पाहून त्याचाच उपयोग करता येईल. रंग उतरवलेला सच्छिद्र केस छटा एक पायरी गडद पकडतो, त्यामुळे ५ क्रमांकातून बहुधा तुमच्या सवयीचा ४ क्रमांकच मिळेल. आज मात्र शाम्पू, कोमट पाणी आणि कंडिशनर एवढेच घ्या. दोरा बांधलेली ती बट वाळल्यावर कशी दिसते ते मला अवश्य कळवा, त्यावरून पुढचे नेमके सांगता येईल.